सोमवारी पीसी सुरू व्हायच्या आत

शुक्रवार, 12 मे 2017. रात्री बातम्या लावल्या तर ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पडलेले. फायली लॉक, आणि त्या सोडवायला 300 डॉलरचे बिटकॉइन मागितलेले. त्या व्हायरसचं नाव वॉनाक्राय. मी तेव्हा एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात नेटवर्क सांभाळत होतो. पहिला डोळ्यांसमोर आला तो परीक्षा विभाग, कारण मे म्हणजे ऐन निकालांचे दिवस.

या व्हायरसला कुणी मेल उघडायची गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून, 445 पोर्टवरून, म्हणजे त्या शेअरिंगच्या ठरलेल्या वाटेनं, तो एका पीसीवरून दुसऱ्यावर आपोआप जायचा. ती त्रुटी बुजवणारं अपडेट, म्हणजे पॅच, 14 मार्चलाच आलं होतं. आमच्याकडे मात्र कितीतरी जणांनी अपडेट बंद करून ठेवलेले, कारण काम चालू असताना पीसी रीस्टार्ट होतो. तक्रार खरी होती आणि आम्हीच तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ही गोष्ट मला आजही लागते.

शनिवारी सकाळी विभागाविभागांमधला 445 पोर्ट स्विचवरच, म्हणजे नेटवर्क जोडणाऱ्या यंत्रांवरच, बंद केला. दुपारी कळलं की व्हायरस आधी एका वेब-पत्त्याला विचारतो आणि तिथून उत्तर आलं की थांबतो; तो पत्ता कुणीतरी नोंदवलाय आणि फैलाव थांबलाय. केंद्रातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. पण आमचं नेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून, जायचं, आणि हा व्हायरस प्रॉक्सी वापरत नव्हता. म्हणजे आमच्या पीसीवरून तो पत्ता त्याला सापडणारच नव्हता आणि तो फायली लॉक करायला लागला असता. म्हणून आमच्या डीएनएसमध्ये, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या सर्व्हरवर हे सांगणाऱ्या यादीत, तो पत्ता आतल्याच एका वेबसर्व्हरकडे वळवला.

रविवारी चाव्यांचा जुडगा घेऊन शिपाईमामा पुढे, पॅचच्या डीव्हीडी घेऊन आम्ही मागे. पेनड्राइव्ह मुद्दामच नेला नाही, लॅबमधले निम्मे व्हायरस त्यातूनच फिरायचे. एका प्रयोगशाळेत उपकरणाला जोडलेले दोन जुने विंडोज एक्सपीचे पीसी निघाले. एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपलेला, तरी मायक्रोसॉफ्टने या हल्ल्यामुळे त्याच्यासाठी खास पॅच काढला होता. तो टाकला आणि लॅन केबलही काढून ठेवली.

संध्याकाळी परीक्षा विभागातल्या मॅडम घरून आल्या. ‘सर, बॅकअप रोज होतो,’ म्हणत त्यांनी पीसीमागची हार्डडिस्क दाखवली. दिवा लुकलुकत होता, ती कायम जोडलेलीच. पीसी लॉक झाला असता तर तीही झाली असती. मॅडमनी ऐकलं, स्वतःच्या हाताने केबल काढली, डिस्क रुमालात गुंडाळून गोदरेजच्या कपाटात ठेवली.

सोमवारी साडेदहाला फोन वाजला आणि पोटात गोळा आला. फोन मॅडमचा, त्यांचा शेअर केलेला प्रिंटर चालत नव्हता, एवढंच. तोही 445 वरूनच चालायचा. एकही फाइल गेली नाही.

मेल सुरक्षित करायचं काम पुढे वर्षभर चाललं. ‘मेलबॉक्स भरलाय, पासवर्ड टाका’ अशा मेलला एका प्राध्यापकांनी उत्तर दिलं, त्यांच्या खात्यातून रात्रभर स्पॅम गेला आणि आमचा सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत. विद्यार्थ्यांना प्रवेशाचे मेल पोहोचेनात. त्यानंतर एसपीएफ (आमच्या नावाने मेल कुठल्या सर्व्हरने पाठवायचे याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लावलं. या तपासणीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारं डीमार्क मात्र आधी फक्त अहवालापुरतं ठेवलं. अहवालांतूनच दिसलं की निकालाचे मेल बाहेरच्या एजन्सीच्या सर्व्हरवरून जातात. थेट कडक केलं असतं तर तेच अडकले असते.

मॅडम अजून दर शुक्रवारी डिस्क जोडतात, बॅकअप घेतात आणि काढून कपाटात ठेवतात.