लव्हाळ्याची मुळं आणि आर्सेनिक

पाहुण्या कलावंताच्या मानधनाचा चेक ती दारात पाऊल ठेवायच्या आधी तयार हवा, हा हट्ट मी आमच्या केंद्रात पहिल्यापासून धरला आहे. विद्यापीठाची रीत वेगळी. आधी व्हेंडर म्हणून नोंदणी, मग कराचे फॉर्म, मग कार्यक्रम, आणि पैसे कधीतरी दीड-दोन महिन्यांनी. पगारदार प्राध्यापकाचं त्यात काही अडत नाही. पण पदरच्या पैशाने पेट्रोल भरून तीन तास गाडी चालवत येणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईने का थांबावं? त्या दिवशी मावशी गाडीतून उतरल्या तेव्हा आधी पाकीट त्यांच्या हातात दिलं, मग कॉफीचं विचारलं.

मावशी पोमो या अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजाच्या, उत्तर कॅलिफोर्नियाच्या. टोपल्या विणतात. सगळे त्यांना ऑन्टी म्हणतात, माझ्या तोंडात मावशी बसलंय. सोबत त्यांची भाची होती आणि भाचीची कॉलेजात जाणारी मुलगी. विद्यापीठाच्या संग्रहात जुन्या पोमो टोपल्या आहेत, त्या त्यांना बघायच्या होत्या. आमचं केंद्र आदिवासी आणि लॅटिनो कलांचं. संग्रह आमच्या ताब्यात नाही, पण त्याचं दार कुणासाठी उघडायचं यासाठी भांडणं हे आमचं काम आहे असं मी मानते. अशी केंद्रं तरी कुणी आपण होऊन दिली? १९६८च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात आणि पुढच्या जानेवारीत बर्कलीत विद्यार्थी संपावर गेले, पोलिसांचा मार खाल्ला, तेव्हा कुठे इथल्या विद्यापीठांत या समाजांच्या अभ्यासाला हक्काची जागा मिळाली.

संग्रहाच्या खोलीत थंडी होती. लांब टेबलावर पांढरा फोम अंथरून त्यावर टोपल्या मांडलेल्या, बाजूला निळ्या हातमोज्यांचा खोका. हातमोजे टोपलीला जपण्यासाठी असतात असा बहुतेकांचा समज असतो. इथे ते माणसाला जपण्यासाठी होते. कसर लागू नये म्हणून अमेरिकेतल्या संग्रहालयांनी विसाव्या शतकात कितीतरी वर्षं अशा वस्तूंवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं फासली, नंतर डीडीटीही मारलं. वस्तू पुन्हा कुणी हातात धरील, तिच्यात धान्य पाखडील, हे त्यांच्या मनातही आलं नाही. आमच्या संग्राहक बाईंनी आदल्या आठवड्यात क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने एकेक टोपली तपासून चिठ्ठ्या लावल्या होत्या. तीन टोपल्यांवर आर्सेनिक निघालं. बाकीच्या निर्धोक म्हणाव्यात, तर ते यंत्र धातू आणि आर्सेनिक दाखवतं, डीडीटी त्याला दिसत नाही. हे सगळं मी मावशींना फोनवर सांगितलं होतंच, खोलीत शिरण्यापूर्वी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे आमच्या आज्यांना विष लावून ठेवलंय," मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी हातमोजे चढवले. भाचीची मुलगी गरोदर होती, ती काचेपलीकडेच थांबली. तिथून ती फोनवर बोलत होती आणि मावशी एकेक टोपली उचलून तिच्याकडे वळवून धरत होत्या.

त्यानंतरचा तासभर मी नुसती ऐकत होते. पोमो बायका वेटोळ्याची टोपली विणतात ती वाळुंजाच्या बारीक काड्यांवर. आरीने भोक पाडायचं आणि सेजच्या मुळाची तासून पातळ केलेली पट्टी त्यातून ओवून घट्ट ओढायची, टाक्याला टाका लावून. सेज म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलीच वनस्पती. तांबडा रंग लागतो तिथे रेडबडची साल, आपल्या कांचनाच्या नात्यातल्या झुडपाची. वीण इतकी घट्ट की पाणी गळत नाही. पूर्वी घट्ट विणीच्या टोपल्यांत तापलेले दगड टाकून ओकच्या फळांच्या पिठाची लापशी शिजवत. मावशींनी एक वाडग्याएवढी टोपली उपडी केली आणि बुडाच्या गाठीपासून अंगठा फिरवत काठाकडे आणला. मध्येच थांबल्या, भाचीला जवळ बोलावलं. तिथून पुढे टाके बारीक झाले होते आणि किंचित दुसऱ्या बाजूला कलले होते. "इथून हात बदललाय," त्या म्हणाल्या. "एकीने सुरू केली, दुसरीने पुरी केली. पहिली गेली असेल, नाहीतर डोळे गेले असतील." नक्षीत एके ठिकाणी मुद्दाम सोडलेला खंड होता, पोमो टोपल्यांत तो ठेवतात. तो दुसरीने आठवणीने ठेवला होता.

संग्रहाच्या नोंदवहीत त्या टोपलीपुढे एवढंच होतं: पोमो, स्त्री, नाव अज्ञात. विकत घेणाऱ्या साहेबाचं नाव मात्र मधल्या आद्याक्षरासकट. आठवडी बाजारात सूप-टोपल्या घेऊन बसणाऱ्या बुरुडाचं नाव आपण तरी कधी विचारलं, असं माझ्या मनात येऊन गेलं. संग्राहक बाईंनी मावशी सांगतील तसं तिथेच टिपून घेतलं, सांगणारीचं नाव कसं लिहायचं हेही विचारून घेतलं.

शेवटून दुसऱ्या टोपलीचा काठ काळवंडलेला होता. मावशींनी ती उचललीच नाही. पूर्वी पोमोंमध्ये मृताबरोबर त्याच्या वस्तू जाळत, पुढे पुरू लागले. विणणारीच्या टोपल्याही तिच्याबरोबर जात. एल्सी ॲलन या नामवंत विणकरणीच्या आईने मरताना, माझ्या टोपल्या पुरू नकोस, त्या दाखवून शिकव असं लेकीला सांगितलं, आणि त्यासाठी एल्सीबाईंनी आपल्याच माणसांचा रोष सोसला. समोरची टोपली चुलीजवळ करपली की चितेतून ओढून काढली, कोण सांगणार? "हिचा फोटो नको," मावशी म्हणाल्या.

आमचा फोटो काढणारा विद्यार्थी मूळ मेक्सिकोतल्या ओआहाकाकडच्या, मिश्तेक या तिथल्या आदिवासी समाजाच्या कुटुंबातला. मावशींचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने कॅमेऱ्यावर झाकण लावलं होतं. पुढच्या महिन्याच्या पोस्टरसाठी नेमकी तीच टोपली निवडलेली होती, छपाईची स्क्रीनही तयार होती. ती तिथल्या तिथे रद्द केली. मृतांबरोबर गेलेल्या वस्तू परत करायचा कायदा १९९०चा आहे, आणि १२ जानेवारी २०२४पासूनच्या नियमांनुसार अशी वस्तू मांडण्यापूर्वी किंवा तिचा अभ्यास करण्यापूर्वी त्या समाजाची संमती घ्यावीच लागते. संग्राहक बाईंनी टोपली वेगळ्या कपाटात हलवली आणि मावशींच्या समाजाच्या कार्यालयाला पत्र पाठवायचं ठरवलं.

जेवायला आम्ही आमच्या अंगणात आलो. त्या विद्यार्थ्याच्या आईने तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून वाफवलेले मुटके, पाठवले होते. खाता खाता मावशींनी विचारलं, "तुमच्या ओढ्याच्या काठी सेज आहे, येताना पाहिली. फवारणी कोण करतं?"

मला या प्रश्नाने हलवलं. सेजचं मूळ चिरताना अर्धी बाजू दातांत धरतात आणि दुसरी हाताने ओढतात. वर्षानुवर्षं, रोज. त्या काठावर तणनाशक पडत असेल तर ते थेट विणणारीच्या तोंडात जाणार. जुन्या टोपलीवरच्या विषासाठी आम्ही यंत्र, चिठ्ठ्या, हातमोजे सगळं जमवलं होतं, आणि नवी टोपली जिथून येणार त्या मातीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. संग्रहातल्या टोपलीइतकीच ती ओढ्याकाठची ओळ जपायला हवी, नाहीतर आमचं केंद्र कशासाठी?

मी उद्यान विभागाला फोन लावला. त्यांचे मुकादम जेवण टाकून नकाशा घेऊन आले. रस्त्याकडच्या बाजूला वसंतात तणनाशक मारतात, त्यांनी सरळ सांगितलं. मावशी त्यांना घेऊन काठावर गेल्या, वाकून माती चिमटीत चोळून पाहिली. रेताड जागेत मुळं सरळ लांब वाढतात, दगड असले की वाकडी होतात, हे त्यांना समजावलं. मुकादमांनी नकाशावर ओढ्यालगतचा पट्टा लाल पेन्सिलीने रंगवला आणि आपल्या माणसांसाठी खाली लिहिलं: फवारणी बंद, कापणी विचारून.

माती आम्ही तपासायला दिली आहे, तणनाशकांसाठी. अहवाल स्वच्छ आला तर मावशी भाचीला घेऊन खणायला येतील. गरोदर मुलगी बाळंत झाल्यावर, पुढच्या हंगामात. त्या दिवसाच्या मानधनाचे फॉर्म मी आत्ताच भरून ठेवले आहेत.