दिएन बिएन फू: न झालेल्या हल्ल्याची गोष्ट

हनोईहून दिएन बिएन फूला विमानानं तासाभरात पोचता येतं. मी मुद्दाम बसनं गेलो, कारण व्हिएतनामी बंडखोरांनी फ्रेंच वसाहतवाल्यांविरुद्ध इथं दिलेली लढाई अर्धी रस्त्यावरच जिंकली गेली. सोन ला शहर मागं पडलं की फा दिन घाट सुरू होतो. १९५४ मध्ये याच घाटातून व्हिएत मिन्हचा, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्या बंडखोर सेनेचा, तांदूळ आणि दारूगोळा पुढं सरकत होता. फ्रेंच विमानं बॉम्ब टाकून रस्ता उखडायची आणि बायाबापड्या रात्रीतून तो बुजवायच्या. रसद वाहायला वीस हजारांच्या आसपास सायकली होत्या. शहरातल्या संग्रहालयात त्यातली एक जवळून बघता आली. हँडलला आडवा बांबू बांधून ते लांब केलंय, सीटच्या मागं दुसरा बांबू उभा. माणूस शेजारून चालत ती ढकलायचा. टायर टिकावेत म्हणून आतून जुन्या कपड्यांच्या चिंध्या गुंडाळायचे. एका सायकलवर दोनशे-तीनशे किलो ओझं जायचं.

घाट उतरून बराच रस्ता कापल्यावर मुआँग थानची दरी दिसते, याच दरीत दिएन बिएन फू वसलंय. हिरवीगार भातशेती, मधून नाम रोम नदी आणि चहूबाजूंनी डोंगर. सह्याद्रीतले गड बघत वाढलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की डोंगर शत्रूला सोडून फ्रेंचांनी खाली सपाटीवर छावणी का घातली? २० नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांचे छत्रीधारी सैनिक इथं उतरले. फ्रेंचांचा इथला सरसेनापती जनरल नावार याचा हिशोब असा, की लाओसची वाट अडवायची, व्हिएत मिन्हला उघड्यावर खेचायचं आणि तोफांनी, विमानांनी चिरडायचं. या डोंगरांवर जड तोफा चढणारच नाहीत आणि चढल्याच तर आपले तोफची त्यांना गप्प करतील, अशी त्यांची खात्री होती.

तोफा चढल्या. सुट्या करून, दोर लावून, माणसांनी ओढत. आणि इथंच मला या युद्धाचं खरं वळण दिसतं.

व्हिएत मिन्हचा सेनापती व्हो न्गुयेन ग्याप मूळचा इतिहासाचा शिक्षक. त्याची पहिली बायको फ्रेंचांच्या तुरुंगात मेली होती. सूड घ्यायला त्याच्याकडे कारण कमी नव्हतं. जानेवारीच्या अखेरीस झटपट हल्ल्याची सगळी तयारी झाली होती. चिनी सल्लागारांचाही सुरुवातीला तोच आग्रह होता. पण दरम्यान फ्रेंचांनी मोर्चे भक्कम केले होते आणि व्हिएत मिन्हचा नेता हो चि मिन्हनं ग्याप निघताना बजावलं होतं, की विजयाची खात्री असेल तरच लढ. ग्यापला रात्रभर झोप लागली नाही. डोकं इतकं ठणकत होतं की डॉक्टरनं कपाळावर औषधी पाला बांधला. २६ जानेवारीला त्यानं हल्ला रद्द केला आणि ओढून आणलेल्या तोफा पुन्हा मागं ओढून न्यायला सांगितल्या. आयुष्यातला सर्वात अवघड निर्णय, असं त्यानं पुढं लिहून ठेवलंय. ज्या पोरांनी रक्त ओकत त्या तोफा वर नेल्या, त्यांना हे सांगायला केवढी छाती लागली असेल!

पुढं काही दिवसांतच ग्यापचं मुख्यालय मुआँग फांगच्या जंगलात हललं. शहरापासून साधारण ३५ किलोमीटर. दाट झाडीत बांबूच्या, गवतानं शाकारलेल्या बुटक्या झोपड्या पुन्हा उभ्या केल्यात, डोंगराच्या पोटात खोदलेलं भुयारही आहे. मी तिथं बराच वेळ रेंगाळलो.

आपल्याकडे व्हिएतनाम म्हटलं की गनिमी कावा आठवतो. दिएन बिएन फू मात्र चिकाटीनं घातलेला वेढा आहे. १३ मार्चला तोफा धडाडल्या आणि पहिल्याच रात्री फ्रेंचांचं ‘बेआत्रिस’ ठाणं पडलं. फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख पिरोथ यानं दोनच दिवसांत हातबॉम्बनं स्वतःला संपवलं. मग रोज थोडे थोडे पुढं सरकणारे चर, धावपट्टी निकामी, रसद फक्त छत्र्यांनी.

फ्रेंचांनी धरून ठेवलेल्या ए-१ टेकडीवर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. कित्येक आठवडे ती पडेना, तेव्हा व्हिएत मिन्हनं खालून भुयार खणून जवळजवळ हजार किलो स्फोटकं भरली. ६ मेच्या संध्याकाळी सुरुंग उडाला. तो खड्डा अजून आहे, काठ गवतानं माखलेले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खालच्या छावणीत फ्रेंच फौजेचा प्रमुख द कास्त्री पकडला गेला. ५६ दिवस चाललेला वेढा संपला.

८ मे रोजी जिनिव्हात इंडोचायनावर (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) चर्चा सुरू झाली, ती ही बातमी ऐकूनच. व्हिएतनामची १७ व्या अक्षांशावर फाळणी झाली, शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं आणि ऑक्टोबरमध्ये नेहरू हनोईत होते. फ्रेंचांच्या बाजूनं इथं अल्जेरियाचे सैनिकही लढले होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांच्याच देशात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. मला यात योगायोग वाटत नाही. साम्राज्याला उघड्या मैदानात शरण आणता येतं, हे साऱ्या वसाहतींनी पाहिलं होतं.

जाणार असाल तर क्रम उलटा करा. बहुतेक सहली आधी ए-१ आणि द कास्त्रीचा तळघरातला अड्डा दाखवतात आणि वेळ उरला तरच मुआँग फांग. सकाळी आधी मुआँग फांगला जा. शहरातून मोटरसायकल भाड्यानं मिळते, रस्ता चांगला आहे. टेकड्या दुपारनंतर बघा.