डोंबिवली सोडताना अडलेला एक कागद

डोंबिवलीतलं घर विकायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, गिऱ्हाईक मिळणं हेच अवघड. ते पंधरा दिवसांत मिळालं. अडलं ते सोसायटीच्या एनओसीवर, म्हणजे ना-हरकत दाखल्यावर. अडीच महिने गेले, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

घेणारं जोडपं तरुण. त्यांच्या कर्जासाठी बँकेला सोसायटीचा दाखला हवा होता. मी अर्ज लिहून सेक्रेटरींच्या हातात दिला. "वहिनी, मीटिंगमध्ये ठेवतो." मग मीटिंग पुढे गेली, मग कोरम झाला नाही, मग खजिनदार गावाला. पाचव्या खेपेला खरं कारण कळलं. बिल्डिंग फंडाला दीड लाख द्यायचे, मग सही. "सगळेच देतात, वहिनी."

सव्वीस वर्षं आमचा मेंटेनन्स एकदाही थकला नव्हता. गच्ची गळली तेव्हा मागतील तेवढे पैसे दिले. आणि जाताना असं अडवायचं!

सोसायटीच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून वाट बघायची. समोर लेटरबॉक्स. आमच्या पट्टीवरचं आडनाव पुसट झालेलं, त्यातला 'र' तर दिसतच नव्हता. इतकी वर्षं सकाळची लोकल पकडायला याच पट्टीसमोरून धावले. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं चालत्या गाड्यांतून पडली, काही जीवानिशी गेली. त्या संध्याकाळी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, बस झालं, देवरुखला जाऊ. या शहरावर माझा जीव होता. पण माणसाने दाराला लोंबकळत कामावर जायचं, हे आम्ही सगळ्यांनी चालवून घेतलं. त्या बाकावर बसल्यावर ते फार टोचायचं.

शेवटी भावाने नमुना उपविधी, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराचे छापील नियम, वाचायला लावले. ३८ व्या उपविधीत स्पष्ट लिहिलंय, हस्तांतरणासाठी सोसायटीची एनओसी लागत नाही. कुणी मागितलीच, तर समितीने महिन्याभरात विचार करायचा. आणि २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये. देणगी म्हणून त्याच्या वर मागता येत नाही.

पहिल्या अर्जाची पोच मी घेतली नव्हती, म्हणून पहिले दीड महिने कागदावर कुठेच नव्हते. तुम्ही तसं करू नका. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. दुसऱ्या अर्जात मी उपविधीचा क्रमांक आणि शासन आदेश दोन्ही लिहिले आणि प्रत सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या उपनिबंधकांच्या कार्यालयाला स्पीड पोस्टने पाठवली. तोवर त्या जोडप्याच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली होती. ती मुलगी फोनवर रडली, "काकू, आमचं काय होणार?" तेव्हा मलाच अपराधी वाटलं.

नवव्या दिवशी दाखला मिळाला. चार ओळींचा. देणगी दिली नाही. प्रीमियम नियमाप्रमाणे गेला, चेकने, पावती घेऊन. याचा मला अभिमान आहे. आमच्या मजल्यावरच्या आजी विकायला निघतील तेव्हा त्यांच्याकडून दीड लाख मागायला आता कुणी धजणार नाही.

रजिस्ट्रेशन एका सकाळीत झालं, त्याचं काही सांगण्यासारखं नाही. सोसायटीने दिलेलं मूळ शेअर सर्टिफिकेट मात्र गिऱ्हाईक शोधायच्या आधीच हाताशी ठेवा.

आणि हो, गॅस. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत द्यायचे, डिपॉझिट घ्यायचं आणि ट्रान्सफरचं व्हाउचर मागून घ्यायचं. नव्या गावी त्यावर कनेक्शन मिळतं. त्यासाठी कनेक्शन घेतानाचा मूळ कागद लागतो. आमचा सापडेना, म्हणून दोरीने बांधलेले सात खोके मी पुन्हा उघडले. सातव्यात होता, लोणच्याच्या बरणीखाली.