पावलांची ओळख

कोविड ओसरल्यावर आयसीयूतल्या बऱ्याच सिस्टर माझ्याकडे समुपदेशनाला येत. झोप लागत नाही, अलार्म घरीही कानात वाजतो, ड्यूटीच्या विचारानंच पोटात गोळा येतो. बहुतेकींचा त्रास हळूहळू निवळला. एकीचा मात्र निवळेना. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळखीचे तपशील बदललेत.)

विभागातली ती सगळ्यात तरबेज नर्स. मॉनिटर वाजायच्या आधी पेशंट बिघडतोय हे तिला कळतं, असं डॉक्टर कौतुकानं सांगत. तिला एकच स्वप्न पडायचं. श्वासासाठी तडफडणाऱ्या एका पेशंटनं तिचं मनगट घट्ट धरलेलं. तो पेशंट पुढे गेला, पण स्वप्नात त्याचं मरण नसायचंच. असायची फक्त ती पकड.

त्या दिवशी ती बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर थांबली. नजर दाराच्या कडीवर. बोटं खुर्चीच्या हातात रुतलेली. बाहेरून कुणीतरी चालत गेलं.

"वॉर्डबॉय आहे, डावा पाय ओढतो," ती म्हणाली आणि पुन्हा बोलायला लागली.

"सिस्टर, पावलांवरून माणूस ओळखायला कधी शिकलात?"

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "मॅडम, बाबा पिऊन यायचे. जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं, आज धाकट्याला लपवायचं की नाही ते." बाबा तिला ओढायचे ते मनगटालाच धरून.

फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांचा बालपणीच्या आघातांवरचा अभ्यास १९९८ सालचा. मारहाण, हेळसांड, घरातलं व्यसन असे अनुभव जितक्या प्रकारचे, तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनांचा, अगदी हृदयविकाराचाही धोका जास्त, असं त्यात दिसलं. हा हिशेब समूहाचा आहे. त्यावरून एकेका माणसाचं भविष्य सांगू नये, याबद्दल मी ठाम आहे. पण लहानपणीच सतत सावध राहायला शिकलेल्या मेंदूवर पुढे आघात झाला, तर आघातोत्तर ताण, म्हणजे आघात सरला तरी स्वप्नांत, दचकण्यात तो परत परत जगणं, जडण्याची शक्यता वाढते. आणि आमच्या कामात आघात रोजचेच. ज्या सावधपणासाठी आम्ही तिची पाठ थोपटत होतो, तो तिनं मार चुकवायला कमावला होता. हे मला फार लागलं.

कोविडच्या आठवणींवर आमचं काम आधीपासून चालूच होतं. आता त्यात तो जिनाही आला. दोन्ही पकडींबद्दल ती सुरक्षित जागी बसून, थांबत थांबत, पुन्हा पुन्हा बोलली. एकदा चिडून उठून गेली, पुढच्या वेळी स्वतःच आली. स्वप्न विरळ झालं. दचकणं अजून आहे.

मेट्रननी तिला ओपीडीत बदली देऊ केली होती. तिनं ती नाकारली, आयसीयूच हवं म्हणाली. फक्त सलग नाइट नकोत आणि मागून येऊन कुणी हात धरू नये, एवढंच मागितलं. दोन्ही मान्य झालं.

नव्यानं येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला मी आता घरच्या लहानपणाबद्दल विचारते. सांगायचं की नाही, ते त्यांच्यावर.