तुम्ही नसताना मिल कोण चालवतं?

लातूरच्या एमआयडीसीत आमची तुरीची डाळमिल आहे. हंगामात वाळवणीच्या बायका धरून पंचवीस-तीस माणसं असतात, एरवी त्याच्या निम्मी. सासऱ्यांनी घातलेली मिल आता मी बघते. नव्यानं धंद्यात पडलेली पोरं-पोरी भेटली की एक गोष्ट हमखास विचारतात : "वहिनी, तुम्ही हैदराबादला जाता, माहेरी जाता, आठ-आठ दिवस नसता. मागं मिल कोण चालवतं?" या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरा प्रश्न असतो. माझं दुकान, माझं वर्कशॉप मला एक दिवससुद्धा सोडता येत नाही, मी काय करू? इतक्या जणांनी विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिल तिथली माणसं चालवतात. पण माणसं तर सगळ्यांकडंच असतात. त्यांना स्वतःच्या डोक्यानं काय ठरवायची मुभा आहे, आणि त्यांनी ठरवलेल्याचा तोटा झाला तर मालक त्या दिवशी कसा वागतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आमच्या कामाची रीत सांगितली तर हे नीट कळेल. बाजार समितीतून तूर आली की आधी चाळून खडे आणि काडीकचरा काढतात. मग ती एमरीच्या, म्हणजे खरखरीत थर चढवलेल्या रोलरवर जाते, तिथं टरफलाला ओरखडे पडतात. मग तेल चोळायचं, ढीग घालून मुरू द्यायची, ओट्यावर उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, पाणी मारायचं, परत वाळवायची. एवढं झाल्यावर टरफल नीट सुटतं आणि दाणा फुटून डाळ होते. शंभर किलो तुरीतून सत्तर-बहात्तर किलो डाळ हाती लागते. बाकीची चुणी (डाळीचा बारीक चुरा) आणि भुसा पशुखाद्याला जातो. तूर कमी वाळली तर टरफल चिकटून राहतं, जास्त वाळली तर तुकडा वाढतो. किती वाळली हे ओट्यावर उभ्या असलेल्या माणसालाच कळतं. हैदराबादेत बसून मला कळत नाही आणि कळल्यासारखं दाखवायचंही नसतं.

एका मार्चमधली गोष्ट आहे. आमच्याकडं त्या दिवसांत अवकाळी कधी येईल सांगता येत नाही. मी हैदराबादला एका पेढीवर हिशेबाला बसले होते, फोन पिशवीत. इकडं दुपारी ढग भरून आले. ओटा तुरीनं भरलेला. वाळवणीच्या बायकांची मुकादम म्हणजे आमच्या मावशी. त्यांनी मूठभर तूर उचलली, एक दाणा दाताखाली धरून फोडला, आणि थेट आत जाऊन ऑपरेटरला म्हणाल्या, "मशीन बंद कर, समदी भाईर या." हे मला नंतर ऑपरेटरनंच सांगितलं. दाणा कट्टकन फुटला नव्हता, म्हणजे माल अर्धवट ओला होता. वरून पाणी पडलं असतं तर तूर काळी पडून तिला बुरशीच लागली असती. हमाल, फोरमन, ट्रकवर पोती चढवणारे, सगळे ओट्यावर आले. तूर ओढून ढीग केले, ताडपत्र्या टाकल्या, कडेनं दगड लावले.

पाऊस आलाच नाही. ढग निलंग्याच्या बाजूला निघून गेले. मिल अर्धा दिवस बंद राहिली आणि पुण्याला जायचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघाला.

मी परत आल्यावर मुनीमजींनी हे सगळं मला जरा तक्रारीच्या सुरात सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला सगळे जमले तेव्हा मी सर्वांसमोर मावशींना म्हटलं, "आभाळ बघून तुम्ही जे केलंत तेच मी केलं असतं. पुढंही असंच करा, मला विचारायला थांबू नका." पुण्याच्या व्यापाऱ्याला उशिराचं कारण मी स्वतः फोन करून सांगितलं.

धंदा चालवणं म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी ही सकाळ सांगते. "पाऊस तर पडला नाही, मग मिल कशाला बंद केली?" एवढं एक वाक्य त्या दिवशी तोंडातून गेलं असतं, तर पुढच्या वेळी मावशींनी आधी मला फोन लावला असता. मी तो उचलून "काय करू?" या प्रश्नाला उत्तर देईपर्यंत तूर भिजली असती. कुणी काही ठरवलं तर ते ठरवताना त्याच्या डोळ्यांपुढं काय होतं, एवढंच बघायचं. नंतर नशिबानं काय दिलं ते त्या माणसाच्या खात्यावर लिहायचं नाही. हे बोलायला सोपं आणि पाळायला फार जड आहे, कारण तोटा समोर दिसत असतो आणि न झालेलं नुकसान कुठंच दिसत नाही.

मुभा द्यायची म्हणजे मोघम "तुम्ही बघा" म्हणायचं नाही. त्यानं माणूस उलट घाबरतो. आकडा सांगायचा. बेअरिंग गेलं, पट्टा तुटला, मोटर जळली, तर फोरमननं पंधरा हजारांपर्यंतचा खर्च न विचारता करायचा आणि संध्याकाळी बिल मुनीमजींकडं द्यायचं. हंगामात बंद मिलचा एक तास किती महाग असतो हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. खरेदीचंही तसंच. आमचा माणूस सौद्याला जायच्या आधी आम्ही दोघं बसून दिवसाचा वरचा भाव आणि जास्तीत जास्त पोती ठरवतो. त्याच्या आत कुठला माल घ्यायचा, ओलावा किती चालवून घ्यायचा, हा त्याचा अधिकार. संध्याकाळी मी ती खरेदी उकरत बसत नाही.

मर्यादा का हवी, तेही सांगते. २०१५ च्या दिवाळीच्या आसपास तूरडाळ किरकोळीत दोनशे रुपये किलोवर गेली होती. पुढं पीक अमाप आलं आणि २०१७ च्या सुरुवातीला तूर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली विकली जात होती, खरेदी केंद्रांबाहेर शेतकऱ्यांच्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. इतक्या हेलकावणाऱ्या मालात खरेदीच्या माणसाला मोकळं सोडणं हा त्याच्यावरच अन्याय आहे. तेजी-मंदीचं ओझं मालकाचं. ते नोकराच्या खांद्यावर टाकून रात्री निवांत झोपणारा मालक मला पटत नाही.

मिलमध्ये आत शिरलात की डाव्या भिंतीवर एक फळा आहे. रोज संध्याकाळी त्यावर किती तूर गेली, किती डाळ निघाली, तुकडा किती, चुणी किती, आणि उतारा, म्हणजे तुरीच्या मानानं डाळ, किती टक्के, हे लिहितात. ऑपरेटरच लिहितो. दिवसाला शंभर क्विंटल तूर भरडली आणि उतारा एका टक्क्यानं घसरला तर एक क्विंटल डाळ गेली. डाळीचा भाव क्विंटलला दहा हजार धरला तर एका दिवसाचे दहा हजार. हे गणित सगळ्यांना समजावून सांगायला एक सकाळ पुरली. तेव्हापासून आकडा घसरला की मी विचारायच्या आधी कुणीतरी कारण शोधून आणतं. मागच्या हंगामात ऑपरेटर ओंजळीत डाळ घेऊन ऑफिसात आला. बोटानं दाणे पसरून दाखवत म्हणाला, "वहिनी, हे बगा, कोर झडलालीय. एमरी झिजली." रोलर उतरवून नवी एमरी चढवली आणि आठवड्यात उतारा जागेवर आला. दिवाळीच्या वेळी कायद्याच्या बोनसशिवाय उताऱ्यातल्या वाढीचा एक हिस्सा सगळ्यांना वाटतो, वाळवणीच्या बायकांनाही.

"आकडे दाखवले तर पगार वाढवून मागतील की," असं मला बरेचजण म्हणतात. मागतातच, आणि मागावेत. रोज किती ट्रक भरून जातात हे हमालाला दिसतं. मालकाला काय सुटतं याचा अंदाज तो मनात करतच असतो, आणि तो खऱ्या आकड्यापेक्षा बहुधा मोठाच असतो. खरा आकडा पुढं ठेवला की बोलणं तरी खऱ्यावर होतं. इथली पोरं चाकणला, पुण्याला जातात ती पगारासाठी. गोड बोलून पगाराची भरपाई होत नाही. पीएफ, ईएसआय वेळेवर भरणं, महिन्याचा पगार ठरल्या तारखेला देणं, हे आधी. त्यानंतर नेतृत्वाच्या गप्पा.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या बायका रात्र-रात्र टँकरची वाट बघत बसायच्या आणि सकाळी कामावर यायच्या. कुणी कधी यायचं, कुणाच्या जागी कुणी उभं राहायचं, हे आम्ही त्यांच्यावरच सोपवलं. हजेरी कापली नाही. मिलसाठी विकत घेतलेल्या टँकरमधून आधी माणसांच्या घागरी भरायच्या आणि उरलेलं तुरीला, असा नियम केला. त्या हंगामात माल कमी निघाला. पण त्या वेळी बायकांनी आपसात लावलेली पाळी इतकी चोख होती की आजही हंगामातल्या पाळ्या त्याच लावतात. मी किंवा मुनीमजी त्यात पडत नाही.

सगळंच सोडून द्यायचं असं मात्र नाही. उधारी कुणाला द्यायची, कर्ज किती काढायचं, कुणाला कामावर ठेवायचं आणि कुणाला निरोप द्यायचा, हे माझ्याकडं आहे आणि राहील. उधारीनं आमच्याकडचे चांगले चालणारे धंदे बसलेले मी पाहिलेत. त्यासाठी मालकानं स्वतः शिकावं लागतं. मी ताळेबंद वाचायला सीएंच्या शेजारी बसून शिकले, प्रत्येक ओळ विचारून. न वाचता सही करत नाही. आमच्यासारख्या लहान उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे : मालाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि मुदत कितीही ठरली तरी ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. त्यात भर म्हणून २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून, असं देणं वेळेत दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. याचा फायदा घ्यायला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी हवी. ती फुकट होते, तरी अजून कित्येकांनी केलेली नाही. आणि आपणही कुणाचे तरी खरेदीदार असतो. बारदानावाल्याचे, वेल्डिंगवाल्याचे पैसे मी अडकवत नाही. ते माझ्याहून लहान आहेत.

वेळ अमावास्येला मिल बंद असते. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं, कडब्याच्या कोपीजवळ भज्जी, उंडे, आंबील. दर वर्षी कुणा ना कुणा कामगाराच्या शेतात आम्हाला बोलावणं असतं आणि मी जातेच. जेवताना मिलचा विषय मी काढत नाही. तरीही कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा पोरगा शिकायला बाहेर चाललाय, कुणाची फोरमनशी कुरबुर आहे, हे तिथंच कळतं. ऑफिसच्या खुर्चीपुढं उभं राहून माणसं हे सांगत नाहीत.

शेवटी एक भीती राहते, आणि ती खरी आहे. इतकं शिकवलेला माणूस उद्या स्वतःचा धंदा घालील. आमचा आधीचा फोरमन गेलाच. गावाकडं त्यानं मिनी डाळमिल टाकली. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत तेव्हा पस्तीस टक्के अनुदान मिळत होतं, दहा लाखांपर्यंत. त्याचं प्रकरण बँकेत गेलं तेव्हा मशिनरीची कोटेशनं मी त्याच्याबरोबर बसून तपासली. घरची दोन-चार पोती तूर घेऊन डाळ करून मागणारे शेतकरी आमच्या दारात येतात. एवढ्याशा मालासाठी आमची मोठी मशीन लावणं परवडत नाही. त्यांना मी आता त्याचा पत्ता देते.