आमची वाटचाल : शंभर किलो रबरामागे दीड किलो गोळ्या

आप्पांनी भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक मिक्सिंग मिल आणि दोन हँड प्रेस टाकून सुरुवात केली, माल म्हणजे बुश, वॉशर आणि गाडीच्या जॉइंटवर बसणारे रबरी डस्ट कव्हर. सल्फर, झिंक ऑक्साइड, कार्बन ब्लॅक सगळं मापात, पण अँटिऑक्सिडंटवर, म्हणजे रबर लवकर म्हातारं होऊ नये म्हणून घालायच्या रसायनावर, हात आखडता, कारण त्याच्याशिवायही पीस प्रेसमधून छानच निघतो ना, मग पैसे कशाला घालायचे.

मग एका पार्टीकडून डस्ट कव्हरचा अख्खा लॉट परत आला, सगळ्या घड्यांवर बारीक भेगा. गंमत म्हणजे त्याच लॉटचे आमच्या रॅकवरचे पीस एकदम ठणठणीत, हार्डनेस बरोबर, टेन्साइल म्हणजे ताण सोसायची ताकद बरोबर, आप्पा म्हणाले पार्टी पैसे बुडवायला बघतेय. मी तिकडे जाऊन बघितलं तर कव्हर जॉइंटवर ताणून बसवलेली आणि शेजारीच वेल्डिंग चालू. तिथे डोक्यात प्रकाश पडला. ओझोन हा हवेतला वायू ताणलेल्या रबरालाच चिरतो, तेही ताणाच्या आडव्या दिशेनं, आणि वेल्डिंगच्या आर्कच्या प्रखर प्रकाशामुळे तो तयार होतो. आमच्या रॅकवरच्या मालाला ताणच नव्हता, भेग कुठून येणार!

तेव्हापासून सिक्स पीपीडी आलं, ओझोनपासून रबराला वाचवणाऱ्या गोळ्या. हा अमाइनचा प्रकार हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि रबराच्या आधी स्वतःच ओझोनला सामोरा जातो, म्हणून 100 किलो रबराला दीड किलो, जोडीला थोडं वॅक्स. इंजिनजवळच्या गरम जागेच्या पार्टला टीएमक्यू, ते उष्णतेपासून वाचवणारं अँटिऑक्सिडंट. पुढे लॅबकडून ओझोन टेस्ट करून घेतली, 50 पीपीएचएम (हवेच्या दहा कोटी भागांत ओझोनचे 50 भाग), 40 डिग्री, 20 टक्के ताण, 72 तास, एकही भेग नाही, आप्पांनी पेढे वाटले.

पण हे रसायन काही साधंभोळं नाही. हुरूप चढला आणि आम्ही पांढऱ्या वॉशरमध्येही तेच घातलं, पंधरा दिवसांत वॉशर चहा सांडल्यासारखे तपकिरी आणि ज्या पॅनलला लावले त्याच्यावरही डाग, तो खर्च आमच्याच अंगावर. पांढऱ्या मालाला फिनॉलिक, म्हणजे डाग न पाडणारं अँटिऑक्सिडंट, वापरायचं हे तेव्हा कळलं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पोती ठेवली तर खालच्या पोत्यातल्या गोळ्या वितळून गुळाची ढेप झालेली, 45 ते 50 डिग्रीला वितळणारा माल, हातोडीनं फोडून वजन करत बसलो. आता पोती सावलीत आणि थप्पी लहान. मिलवरच्या मामांच्या हाताला पुरळ आलं होतं, सिक्स पीपीडीच्या आधी कधीमधी त्याच कुळातलं आयपीपीडी वापरायचो त्यानं, नंतर ग्लोव्हज सक्तीचे केले, मामा अजून कुरकुरतात.

2020 च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की टायरच्या झिजेतून सुटलेल्या याच सिक्स पीपीडीचा ओझोनबरोबर जो क्विनोन नावाचा पदार्थ बनतो त्यानं अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत कोहो सॅल्मन मासे मरतात. ज्या गुणासाठी आपण ते घालतो त्यातूनच हे, खरं सांगू तर त्या रात्री झोप नीट लागली नाही. आमचे पार्ट टायरसारखे रस्त्यावर झिजत नाहीत, तरी जिथे चालेल तिथे आम्ही ईपीडीएम रबर सुचवायला लागलोय, त्याला ओझोन मुळातच फारसा बाधत नाही, फक्त महाग पडतं म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं.

आणि एक सवय लागलीय, प्रत्येक लॉटची एक पट्टी ताणून लाकडी फळीवर खिळे मारून गच्चीत ठेवतो. आप्पा सकाळी चहाचा कप घेऊन भिंगातून त्या बघत बसतात.