काळ्या पिशवीतलं काम

१९५९ सालच्या ‘कागज़ के फूल’मधल्या त्या तिरप्या प्रकाशझोताचा विषय निघाला की छायालेखक (सिनेमॅटोग्राफर) व्ही. के. मूर्तींचं नाव येतं, आणि यायलाच हवं. पण असा कुठलाही शॉट घेण्याआधी कुणीतरी काळोखात, नुसत्या बोटांनी कॅमेऱ्याचं मॅगझिन (फिल्मचा रोल ठेवायची प्रकाशबंद पेटी) भरलेलं असायचं. ते काम करणारे हात आता कमी उरलेत. आज तेवढंच लिहून ठेवतो.

फ्रिजमधला रॉ स्टॉक, म्हणजे कोरी फिल्म, लगेच उघडायचा नाही. सीलबंद डबा काही तास बाहेर राहू द्यायचा. मुंबईच्या दमट हवेत घाई केली तर गार फिल्मवर दव धरतं. चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायला बाह्या असलेली प्रकाशबंद काळी पिशवी, आधी उलटी करून झटकायची, चेनच्या दातांत अडकलेले धागे काढायचे. मग मॅगझिन आणि डबा आत, दोन्ही चेन बंद, आणि शेवटी हात. तळव्यांना घाम सुटला तर थांबायचं, कारण ओलं बोट इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदी थरावर, कायमचं उमटतं. डार्करूममध्ये फिल्मचं टोक ओल्या ओठाला लावून बघतात, चिकटते ती इमल्शनची बाजू. पिशवीत ती सोय नाही. तिथे रोलच्या वळणावरून ओळखायचं, नव्या रोलमध्ये इमल्शन आतल्या बाजूला असतं.

खरी परीक्षा लूपची, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मला द्यायच्या सैल वळणाची. ॲरिफ्लेक्स टू-सी कॅमेऱ्यामध्ये तो मोठा झाला तर आत घासतो, लहान पडला तर चित्र थरथरतं किंवा परफोरेशन (फिल्मच्या कडेची भोकं) फाटतं. म्हणून मोटर सुरू करण्याआधी हाताने काही फ्रेम फिरवून बघायच्याच.

सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला ९० फूट. ४०० फुटी मॅगझिन साडेचार मिनिटंही पुरत नाही. रॉ स्टॉक सहजासहजी न मिळण्याच्या काळात ८०-१०० फुटांचा शॉर्ट एंड, म्हणजे रोलचा उरलेला कोरा तुकडासुद्धा लेबल लावून जपला जाई.

टेक ओके झाला की लेन्स काढून टॉर्चने गेट, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो ती चौकट, बघायचं. केस दिसला तर लाकडी काडीने काढायचा, धातूने कधीच नाही. गेटवर ओरखडा पडला तर पुढची प्रत्येक फ्रेम खरचटते. गेटमध्ये चित्र उलटं पडतं, त्यामुळे खालच्या कडेचा केस पडद्यावर वरून लोंबतो. रशेस, म्हणजे लॅबमधून येणाऱ्या पहिल्या प्रिंट, येईपर्यंत सेट मोडलेला असतो, म्हणून कितीही घाई असली तरी ही तपासणी टाळू नये.

वापरलेली फिल्म डब्यातल्या छोट्या काळ्या पिशवीत, ती पिशवी डब्यात, झाकणाभोवती टेप, वर ‘एक्स्पोज्ड’, रोल नंबर आणि फुटेज. डब्यावरचं जुनं लेबल आधी खरवडून काढायचं. कुणी तो डबा रिकामा समजून उजेडात उघडला, तर दिवसभराचं शूटिंग वाया जातं.